कानतुट्याचं शेपूट

१

कानतुट्याचं शेपूट गेलं हे लक्षात आलं, तेव्हा छोटूभाऊंच्या हातात फडकं होतं आणि तोंडात गाणं. गाणं तिथेच विरलं. फडकं मात्र चालूच राहिलं, आणि बराच वेळ ते काचेचा एकच कोपरा पुसत उभे राहिले.

कानतुट्या म्हणजे गावच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला लांडगा. साठ वर्षांपूर्वी या खोऱ्यात लांडगा मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे. इनाम हवं असेल तर लांडग्याचे दोन्ही कान कचेरीच्या खिडकीवर आणून द्यायचे. कारकून ते निरखून घ्यायचा आणि लगेच कोपऱ्यातल्या शेगडीत जाळून टाकायचा, म्हणजे तेच कान पुन्हा खिडकीवर यायला नकोत. ती कचेरी म्हणजेच आताचं संग्रहालय. शेगडी अजून कोपऱ्यात आहे, खिडकीचे गज आहेत, आणि मधोमध काचेच्या कपाटात या खोऱ्यातला शेवटचा लांडगा बिनकानांचा उभा आहे. तो मारला नगराध्यक्षांच्या आजोबांनी. अध्यक्ष हे रोज कुणाला ना कुणाला सांगतात, ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाही.

त्या शिकारीचा साठावा वर्धापन सोहळा उद्यावर आला होता. मांडव उभा राहिला होता, खुर्च्या आल्या होत्या, आणि लांडग्याच्या मागच्या बाजूला शेपटाच्या जागी एक पांढराशुभ्र रुमाल टाचणीनं नीट लावलेला होता.

छोटूभाऊ संग्रहालयाचे व्यवस्थापक, झाडूवाले, तिकीटवाले आणि पहारेकरी, सगळं एकटेच. वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहायचे. पन्नाशी उलटली तरी ताईसाठी ते छोटू, आणि ताईचा आवाज खणखणीत असल्यामुळे सगळ्या गावासाठी छोटूभाऊ.

"ताई!" ते जिन्यातून ओरडले. "खाली ये! कानतुट्याचं शेपूट..."

"काय झालं शेपटाला?"

"शेपूटच झालंय नाहीसं!"

ताई खाली यायच्या आत रस्त्याकडचा दरवाजा उघडला आणि अध्यक्ष आत आले. हातात भाषणाचे कागद होते. त्यांनी लांडग्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग छोटूभाऊंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"उद्या दुपारपर्यंत शेपूट जागेवर नसेल," अध्यक्ष म्हणाले, "तर या कपाटाच्या चाव्या माझ्या टेबलावर पाहिजेत. वरच्या खोल्यांच्यासुद्धा."

२

ताई विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाली होती. आयुष्यभर तिनं जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या आणि अचानक हरवलेले दागिने पाहिले होते, आणि त्यामुळे माणसांवरचा तिचा विश्वास उडाला नव्हता, उलट तिला माणसं फार मजेशीर वाटायला लागली होती.

"रडू नकोस," ती म्हणाली.

"मी रडत नाहीये. डोळ्यात धूळ गेली."

"तुझ्या संग्रहालयात धूळ? कुणाला सांगतोस!"

ती कपाटाभोवती फिरली. कुलूप शाबूत होतं. कपाटाजवळ दोन स्टुलं ओढलेली होती, एक लांडग्याच्या मागे आणि एक बाजूला. बाजूच्या स्टुलावरून हात लांब केला तर मागच्या माणसाच्या कामावर बरोबर उजेड धरता येईल, असं.

"म्हणजे दोघं होते," ताई म्हणाली. "एकानं काम केलं, दुसऱ्यानं बॅटरी धरली. आणि हा रुमाल बघ. चोर कधी मागे रुमाल लावून जातो का? उघडं राहू नये म्हणून झाकलंय कुणीतरी. या चोराला लांडग्याची माया आहे."

छोटूभाऊंना ते पटलं, पण त्यानं त्यांच्या जिवाला काही आराम पडला नाही. वरच्या खोल्यांत ताईनं परवाच नवे पडदे लावले होते. ते पडदे काढून कुठल्या खिडकीला लावायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"चाव्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे. एक अध्यक्षांच्या घरी, दारामागच्या खिळ्याला. आणि गेल्या महिन्यात कातडी भरणारे कारागीर डागडुजीला आले होते, तेव्हा त्यांच्याकडे होती."

कारागीर दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांच्या दुकानात एक घुबड, दोन बदकं आणि एक फार नाराज दिसणारा कोल्हा अर्धवट भरलेल्या अवस्थेत होते. शेपटाची बातमी ऐकून कारागिरांनी कपाळाला हात लावला.

"मी सांगत होतो अध्यक्षांना, सगळा लांडगा नव्यानं भरून घ्या. ऐकतील तर शपथ! आता माझ्यावर आळ येणार."

"शेपूट कापलेलं नाही," ताई म्हणाली. "टाके उसवलेत. एकेक करून, कातड्याला ओरखडाही न काढता."

कारागीर थबकले. "कसले टाके?"

"शेपूट जिथे जोडलेलं होतं तिथले. जुन्या दोऱ्याचे तुकडे खाली पडलेत."

"अहो, शेपूट कातड्याबरोबरच येतं! ते जोडायचं कशाला? मी पाठीवरची फाट शिवली, मागे बघितलंही नाही." त्यांनी कोल्ह्याचं शेपूट उचलून दाखवलं. "लांडग्याच्या शेपटाला टाके असायचं कारणच नाही."

ताईचे डोळे चमकले. विम्याच्या कागदावर एखादी तारीख चुकीची सापडली की तिचे डोळे असेच चमकायचे, हे छोटूभाऊंना माहीत होतं. पण या वेळी त्यांना भीतीच वाटली.

३

नदीपलीकडे दुसरं गाव, दुसरा जिल्हा, आणि या गावाशी साठ वर्षांचं वैर. पलीकडच्या हॉटेलात, दर्शनी भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक शेपूट टांगलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'खोऱ्यातला शेवटचा लांडगा'. भांडण होतं ते हेच. त्या अखेरच्या हिवाळ्यात बर्फात दोन लांडग्यांच्या पावलांचे ठसे दिसले होते. एक अलीकडच्या शिकाऱ्यानं मारला, एक पलीकडच्या. दोन्ही कचेऱ्यांनी इनाम दिलं, दोन्ही कचेऱ्यांना कुलूप लागलं. पण शेवटचा कुणाचा? आधी कुणी मारला आणि नंतर कुणी? यावरून दोन गावांत सोयरीक होत नव्हती, फुटबॉलचे सामने होत नव्हते, आणि पुलाला रंग कुणी द्यायचा हे न ठरल्यामुळे पूल बिनरंगाचाच होता.

हॉटेलची मालकीण म्हणजे पलीकडच्या त्या शिकाऱ्याची मुलगी. सत्तरीला टेकलेली, टोकदार नाकाची, हसरी. तिनं चहा ओतायला घेतला आणि अर्धा बशीत सांडला.

"या चष्म्याला काय झालंय कोण जाणे," ती पुटपुटली. "बसा. शेपूट चोरीला गेलं ते कळलं. आमच्यावरच संशय असणार, मला काही नवीन नाही."

"तुमच्याकडे शेपूट कसं?" ताईनं चौकटीकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे कान जमा करायचे."

"आमची कचेरी शेपूट घ्यायची. त्यात हे एवढं भोक पाडायची आणि परत द्यायची. भोक पडलेलं शेपूट पुन्हा चालत नसे."

"आणि कान?"

"कानांचं आम्हाला काय करायचंय!"

"दोन्ही कचेऱ्या एकमेकींना कळवत नसत?"

मालकीण खळखळून हसली. "कळवतायत! दोघांचे साहेब एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

ताईनं चहा संपवला. "उद्या विद्यापीठातल्या संशोधक येणार आहेत. दोन्ही शेपटांचे केस तपासून, हे दोन लांडगे नर-मादी होते की भावंडं, ते सांगणार. तुमची हरकत नाही ना?"

"मला कसली हरकत? आमचं शेपूट खरं आहे." ती बोलून गेली आणि मग उगाचच टेबल पुसायला लागली.

"आणि अध्यक्षांच्या आत्याबाई? तुमच्याच वयाच्या ना त्या?"

"त्या घराण्याशी मी जन्मात बोललेले नाही," मालकीण म्हणाली. "आणि ती तर एक नंबरची खडूस. गुडघा दुखत असला तरी काठी घ्यायची नाही, असला ताठा!"

बाहेर पडल्यावर ताई पुलाच्या मध्यावर थांबली आणि कठड्याला टेकून एकटीच हसत सुटली.

"हसतेस काय? माझी नोकरी जाणार आहे!"

"छोटू, जन्मात जिच्याशी बोलली नाही, तिचा गुडघा दुखतो हे हिला कुणी सांगितलं?"

४

आत्याबाई अध्यक्षांच्या घरी मागच्या अंगणात शिवणकाम घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातचे टाके गावात प्रसिद्ध होते. आज मात्र सुईत दोरा जाता जाईना. त्यांनी सुई जवळ धरली, लांब धरली, शेवटी चिडून मांडीवर टाकली.

"द्या इकडे," छोटूभाऊंनी दोरा ओवून दिला. आत्याबाई दर आठवड्याला संग्रहालयात येऊन कानतुट्याच्या अंगावरून ब्रश फिरवून जायच्या. छोटूभाऊंना त्या फार आवडायच्या.

"म्हातारपण, दुसरं काय," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडाला काय झालंय रे? वाळलंय नुसतं."

"अध्यक्षांनी चाव्या मागितल्यात, आत्याबाई. उद्यापर्यंत शेपूट मिळालं नाही तर घर सोडायचं."

आत्याबाईंचा हात थांबला. "तुला? तुझा काय संबंध?"

"कुलूप न तोडता चोरी झाली. मग चावीवाल्यावरच येणार."

त्यांनी ताईकडे पाहिलं, मग लांब कुठेतरी पाहिलं. "हे डोक्यातच आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"कुणाच्या?" ताईनं विचारलं.

"चोराच्या गं. चोराच्या." आणि त्यांनी घाईघाईनं शिवण उचललं.

घरी जिना चढून वर आल्यावर छोटूभाऊ म्हणाले, "ताई, चोर त्या असतील तर मला नाही सांगायचं. खोल्या गेल्या तर गेल्या."

"खोल्याही जाणार नाहीत आणि आत्याबाईही जाणार नाहीत," ताई म्हणाली. "पण सकाळी सगळ्यांना खाली बोलाव. पलीकडच्या मालकिणीलाही. तिला सांग, अध्यक्षांनी तुमची माफी मागायचं ठरवलंय. धावत येईल."

५

मालकीण खरोखरच धावत आली. कारागीर आले. अध्यक्ष आले ते घड्याळ बघतच. आत्याबाई सावकाश आल्या, आणि मालकीण दिसताच त्यांनी मान फिरवली.

"या घराण्याच्या सावलीतसुद्धा मला उभं राहायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"मग उन्हात उभी राहा!" मालकीण कडाडली, आणि कडाडता कडाडताच तिनं पायानं एक स्टूल आत्याबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यापाशी सरकवलं. आत्याबाईंनीही त्यावर पाय ठेवला. छोटूभाऊंशिवाय ते कुणी पाहिलं नाही. आणि अर्थात ताईशिवाय.

"माझी एक छोटीशी विनंती आहे," ताई म्हणाली. "कपाटावरची ही पाटी आत्याबाईंनी वाचून दाखवावी."

आत्याबाईंनी चष्मा सावरला. "खोऱ्यातला... शेव... शेवग्याचा..."

"शेवग्याचा लांडगा?" कारागीर म्हणाले.

"आता तुम्ही," ताई मालकिणीकडे वळली.

मालकिणीनं पाटीपासून चार पावलं मागे जाऊन पाहिलं, मग नाक पाटीला टेकवून पाहिलं. "अक्षरं फार बारीक आहेत," ती म्हणाली. अक्षरं वीतभर होती.

"आता दोघींनी चष्मे बदला."

दोन्ही चष्मे जाड तपकिरी काड्यांचे, दिसायला सारखे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आत्याबाईंनी आपल्या नाकावरचा चष्मा काढून पुढे केला, मालकिणीनं आपला काढून दिला, आणि दोघींनी एका सुरात पाटी खडाखडा वाचून दाखवली.

"परवा संध्याकाळी," ताई म्हणाली, "काम झाल्यावर दोघींनी घाम पुसायला चष्मे काढले, आणि निघताना उचलले ते एकमेकींचे. कळलं तरी बदलणार कसे? दिवसाढवळ्या भेटायची सोय नाही ना! साठ वर्षं अख्ख्या खोऱ्याला दोघींचं वैर ठाऊक आहे."

"आत्या!" अध्यक्ष ओरडले. "शत्रूच्या घरातल्या बाईबरोबर मिळून तू आजोबांचा लांडगा..."

"शत्रू कसली," आत्याबाई म्हणाल्या. "माझी सगळ्यात जुनी मैत्रीण आहे ती."

६

"मी दावे तपासायचे," ताईनं सांगायला सुरुवात केली, "तेव्हा एक हुशारी नेहमी दिसायची. गाडी एकच, अपघात एकच, पण विमा दोन कंपन्यांकडे. दोन कंपन्या एकमेकींशी बोलत नसतील तर पैसे दोनदा मिळतात. इथे अलीकडची कचेरी फक्त कान मागायची आणि पलीकडची फक्त शेपूट. दोन्ही कचेऱ्यांनी आपापल्या परीनं चोख बंदोबस्त केला. कान जाळले, शेपटाला भोक पाडलं. पण एकाच लांडग्याला कानही असतात आणि शेपूटही असतं, हे काही दोघांनाही सुचलं नाही."

कारागिरांनी मांडीवर थाप मारली. "म्हणून टाके!"

"म्हणून टाके. याचं खरं शेपूट पलीकडच्या हॉटेलात आहे. संग्रहालय निघालं तेव्हा बिनशेपटाचा लांडगा कसा ठेवणार? दुसरं शिवावं लागलं. दोघी शिकाऱ्यांच्या मुली. यांना सगळं माहीत होतं. आज केस तपासले असते, तर हॉटेलातलं शेपूट लांडग्याचं, आणि इथलं..."

"आमच्या भुऱ्याचं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी शिवणाच्या पिशवीतून एक केसाळ शेपूट काढून मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. "कुत्रा होता आमचा. म्हातारा होऊन गेला. मीच शिवलं होतं ते, तेव्हा मी एवढीशी होते. संशोधकबाईंच्या पत्रात लिहिलं होतं की शेपटाचे केस तपासणार. म्हटलं, शेपूटच नसलं तर कसलं तपासणार?"

"अंगावरचा कुठलाही केस चालतो, आत्याबाई."

"ते आम्हाला कुठलं ठाऊक!"

अध्यक्ष मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे माझे आजोबा चोर!"

"होतेच," मालकीण शांतपणे म्हणाली. "माझे बाबाही होते. तो सगळा हिवाळा त्यांनी असाच काढला. आम्ही दोघी पुलाखाली बसून कान आणि शेपटं बदलायचो. कुणाला संशय येऊ नये म्हणून दोघं बाजारात कडाकडा भांडायचे. आम्हालाही भांडायला शिकवलं होतं. पुढे ती सवयच झाली."

छोटूभाऊंच्या मनात मात्र काहीतरी टोचायला लागलं, आणि ते बोलूनच गेले. "पण शेवटी ठसे तर दोन लांडग्यांचे होते. इनाम दोनदा दिलं, लांडगा मात्र एकच मेला. मग दुसरा?"

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचा हात धरला.

"दुसरी," आत्याबाई म्हणाल्या. "मादी होती. गाभण. दोघांच्या बंदुकीच्या टप्प्यात उभी होती, आणि दोघांनाही चाप ओढवेना. बाबा घरी आले आणि म्हणाले, हिला जगवायची तर ती मेली असं लिहिलं गेलं पाहिजे. नाहीतर इनामासाठी आख्खं खोरं तिच्या मागे लागेल. म्हणून कान इथे दिले, शेपूट तिथे दिलं. कागदावर दोन लांडगे मेले, कचेऱ्या बंद झाल्या, आणि ती डोंगरापलीकडे निघून गेली. आधीची सगळी लबाडी पोटासाठी केली रे. ही एकच तिच्यासाठी केली."

कारागिरांनी नाक ओढलं. ताईनंसुद्धा चष्मा पुसला.

७

बाहेर मांडवात माणसं जमायला लागली होती. अध्यक्ष ताडकन उठले.

"झालं ते झालं. आत्या, शेपूट परत शिव. संशोधकबाईंना सांगू, लांडगा खराब झालाय, हात लावता येणार नाही. छोटूभाऊ, तुमची नोकरी शाबूत, खोल्या शाबूत. फक्त तोंड बंद ठेवायचं."

किती सोपं होतं ते! छोटूभाऊंच्या डोळ्यांपुढे वरचे नवे पडदे आले, ताईची खिडकीतली खुर्ची आली. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण त्यांची नजर कपाटावरच्या पाटीवर गेली.

"ही पाटी मी रोज पुसतो, साहेब," ते म्हणाले. "खरी समजून पुसत होतो. आता मला ती पुसता येणार नाही. खोऱ्यानं एक जीव वाचवला, आणि आपण तो मेला म्हणून सांगत बसायचं?"

"मग चाव्या ठेवा."

छोटूभाऊंनी खिशातून चाव्या काढल्या आणि गजांच्या खिडकीवर ठेवल्या. ताई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. मालकिणीच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दोघी सरळ दरवाजातून बाहेर, मांडवात, सगळ्या गावासमोर चालत गेल्या. साठ वर्षांत ज्या दोघींना कुणी एका बाकावर पाहिलं नव्हतं, त्या हातात हात घालून पहिल्या रांगेत बसल्या, आणि आत्याबाईंनी मोठ्यानं विचारलं, "संशोधकबाई आल्यात का? त्यांना एका मादीची गोष्ट सांगायची आहे."

अध्यक्ष दारात उभे राहून ऐकत होते. गोष्ट पुढे सरकली तसे लोक आधी अवाक झाले, मग हसले, आणि मादीपाशी आले तेव्हा कितीतरी जण डोळे पुसत होते. अध्यक्षांनी ते पाहिलं. ते राजकारणी होते, वारा ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी भाषणाचे कागद फाडून खिशात कोंबले आणि व्यासपीठावर चढले.

"माझ्या आजोबांनी," ते गरजले, "या खोऱ्यातला शेवटचा लांडगा मारला नाही! त्यांनी तो वाचवला!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवाचं कापड हललं. अध्यक्ष बोलत राहिले, आणि बोलता बोलता त्यांनीच हे सत्य शोधून काढलं असं निम्म्या गावाला वाटायला लागलं. मग त्यांची नजर मागे, दरवाजाशी उभ्या असलेल्या छोटूभाऊंवर गेली. ते थांबले. खाली उतरले, आत जाऊन खिडकीवरच्या चाव्या घेऊन आले आणि सगळ्यांसमोर छोटूभाऊंच्या हातात दिल्या.

"पाटी नवी करा," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि... जे खरं आहे तेच लिहा."

पुढच्या रांगेत तोवर आवाज चढले होते.

"बंदूक आधी माझ्या बाबांनी खाली केली!" मालकीण म्हणत होती.

"काहीतरीच काय! तुझ्या बाबांचा तर नेम धरलेला होता. माझ्या बाबांनी हात धरला त्यांचा!"

"तू होतीस का तिथे?"

"तू होतीस का?"

संशोधकबाई मध्येच बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. लोक गोंधळले. छोटूभाऊंना मात्र हसू आवरेना. दोघी आज पहिल्यांदाच खरंखुरं भांडत होत्या, आणि दोघींचा घसा कोरडा पडत आला होता. ते दोघींसाठी चहा टाकायला जिना चढून वर गेले, आपल्या खोल्यांत.